कथलाच्या पाटल्या

मी इतिहासकार नाही. सूतगिरणीत रिंगखात्यात डॉफर आहे. भरलेल्या बॉबिना उतरवायच्या, रिकाम्या चढवायच्या, आठ तास हेच. शिफ्ट सुटते तेव्हा डोक्यावर, भुवयांवर, पापण्यांवर कापूस बसलेला असतो. पंचविशीतला माणूस साठीचा दिसतो. मग गेटाजवळच्या नळावर तोंड धुवायचं, खिशातली फणी काढून भांग पाडायचा, आणि मगच तामलवाडीच्या गाडीत बसायचं. हे मी रोज करतो. याला नटणं म्हणतात, हे मात्र कधी मनात आलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात घरी आलो तर धाकटी बहीण आरशासमोर. तोंडाला बेसन, हळद, दही लावलेलं. डब्याला टेकवून मोबाइल उभा केलेला, त्यात कोणी बाई तेच करून दाखवत होती. एका वाटीत केसांसाठी मेंदी भिजवलेली. माझं डोकं सटकलं. म्हणालो, "ही काय थेरं करायलीस? आपल्यासारख्याला शोभतं का हे?"

ती भांडली नाही. तोंड धुतलं, पदवीची वही उघडून बसली. जरा वेळानं म्हणाली, "दादा, तू आत्ता बोललास ना, ते वाक्य तुझं न्हाई. कुणाचं हाय ते हुडकून काढ."

आजी उंबऱ्यात बसली होती. ती हसली. तिचं हसणं मला बहिणीच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

दोस्तहो, ते वाक्य हुडकत गेलो. वाटलं होतं आठ दिवसांचं काम आहे. निघालं दोन हजार वर्षांचं.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळानं काय ल्यावं हे लिहून ठेवलंय. कपडे मेलेल्या माणसाचे. जेवण फुटक्या भांड्यात. दागिने लोखंडाचे. बघा, दागिना घालूच नको असं नाही म्हटलेलं. घाल, पण लोखंडाचा घाल. म्हणजे लांबून दिसेल. आपल्याला वाटतं दागिना हौसेचा असतो. तिथं दागिना म्हणजे बैलाच्या पुठ्ठ्यावरचा डाग.

१९३६ साली बाबासाहेबांनी लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी भाषण लिहिलं. मंडळाला ते पचलं नाही, म्हणून त्यांनी ते स्वतः छापलं. त्यात ते सांगतात की पेशवाईत अस्पृश्यानं मनगटात नाहीतर गळ्यात काळा दोरा बांधायचा असा नियम होता. खूण दिसावी आणि सवर्णाला चुकून शिवाशीव होऊ नये म्हणून. त्याच भाषणात इंदूरकडची हकीकत आहे. जानेवारी १९२८ च्या वर्तमानपत्रात आलेली. पंधरावीस गावांच्या पाटील-पटवाऱ्यांनी तिथल्या बलाई लोकांना हुकूम काढला. पुरुषांनी जरीकाठाचं पागोटं बांधायचं नाही. रंगीत काठाचं धोतर नेसायचं नाही. बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत, नक्षीचे घागरे-चोळ्या घालायच्या नाहीत. ऐकलं नाही त्यांची विहीर तोडली, गुरांचा चारा तोडला. लोकांना वाडवडिलांची घरं सोडून परागंदा व्हावं लागलं. तिकडं खाली रामनाड भागात कल्लर लोकांनी डिसेंबर १९३० मध्ये आदिद्रविडांवर आठ बंद्या घातल्या. त्यातली पहिलीच सोन्याचांदीच्या दागिन्यांवर. पुरुषाचं वस्त्र गुडघ्याखाली नको, बाईनं अंगाचा वरचा भाग झाकायला नको. मोडलं तर झोपड्यांना आग.

एका बाईनं काठाचं पातळ नेसलं म्हणून गाव जळतं. मग कोण म्हणेल नटणं ही फालतू गोष्ट आहे?

आता महाड. मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्याचं पाणी प्यालो, ते सगळ्यांना पाठ आहे. २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळली, तेही पाठ आहे. पण त्याच परिषदेच्या वेळी, महाडातच, बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले, ते आपण भाषणात फारसं घेत नाही. कारण ते लुगड्याविषयी आहे. आपल्याला वाटतं तळं म्हणजे क्रांती आणि लुगडं म्हणजे बायकांचं काहीतरी.

त्यांच्या बोलण्याचा मतलब असा. तुमची लुगडं नेसायची तऱ्हा, गळाभर गळसऱ्या, कोपरापर्यंत कथलाच्या नाहीतर चांदीच्या पाटल्या, यावरून तुम्ही अस्पृश्य हे लांबून ओळखू येतं. ही खूण पुसा. लुगडं फाटकं असलं तरी चालेल, स्वच्छ पाहिजे. कपडा कोणता नेसावा, दागिना कोणत्या धातूचा घालावा, हे तुम्हाला अडवायचा हक्क कुणाला नाही. घालायचंच तर सोन्याचं घाला, नाहीतर काहीच घालू नका. आणि पोरींना शाळेत घाला. टिपणीस, चित्रे हे चळवळीतले सहकारी. त्यांच्या घरच्या बायकांनी आपल्या बायकांना घोळदार, घोट्यापर्यंत लुगडं कसं नेसायचं ते दाखवलं. परिषदेहून परतताना बायकांच्या पिंढऱ्या झाकलेल्या होत्या.

२५ तारखेला पोथी जाळली. पोथीतला दागिना मात्र अजून हातात होता. तो पोथीनंतर उतरला. मला तर वाटतं पोथी जाळणं त्या मानानं सोपं होतं. कागद पेटतो. मनगट पेटवता येत नाही.

कथील म्हणजे भांड्याच्या कल्हईला वापरतात तो धातू. लांबून चांदीसारखा पांढरा, हातात घेतला की हलका, मऊ. आमच्या घरच्या पेटीत अशा दोन पाटल्या आहेत. आजीनं त्या दाखवल्या तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आमच्याकडं इतिहास आहे आणि तो फडक्यात गुंडाळलेला आहे.

पाटल्या आजीच्या सासूच्या, म्हणजे माझ्या पणजीच्या. हा मुलूख तेव्हा निजामाचा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचाच होता. महाडची बातमी इथं रेल्वेनं आली नाही, पायी आली, उशिरा आली. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ ला आपल्याच जिल्ह्यात, कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदारांची परिषद भरली. बाबासाहेब आले होते. पणजा तिथं जाऊन आला. विषय वतनाचा होता. पण माणूस एकदा हिशेब करायला शिकला की सगळ्याचाच करतो. तो घरी आला आणि बायकोला म्हणाला, "हातातलं उतरव."

पुढचं आजीच्याच शब्दांत:

"आत्याबाई सांगायच्या, आगं, उतरवायला सांगणाऱ्याचं काय जातंय? कोपरापतुर हात मोकळं झालं, आन् मला रडू फुटलं. उघडं हात म्हंजी रांडमुंड बाईचं हात. दोन दिस पदराखाली हात धरून हिंडले. मग म्हनलं काचेच्या बांगड्या भराव्या. तर कासार आमचा हात धरत न्हवता. बांगड्या वरनं पदरात टाकायचा. मग घरात बसले, हाताला तेल लावलं आन् माझी मीच भरल्या. तीन फुटल्या. रगात आलं. चवथी गेली."

दोस्तहो, हा आमच्या घरातला घरगुती शृंगाराचा पहिला प्रयोग. समोर व्हिडिओ नव्हता, आरसासुद्धा नव्हता. तेलाची वाटी होती आणि रक्त होतं.

लुगड्याचंही तसंच. दार लावून घ्यायची आणि घोट्यापर्यंत नेसून घरातल्या घरात चालायची. पायात अडकायचं, पडायची. आठ दिवस असं चाललं. मग एकदा तुळजापूरच्या वाटेवर एका झाडाखाली टेकली. शेजारी बसलेल्या एका चांगल्या घरच्या बाईनं सरकून जागा दिली. सावलीतली जागा. पोराबाळांचं विचारलं. मग गाव विचारलं, मग कुणाची म्हणून विचारलं. पणजीनं खरं सांगितलं. बाईनं आपला पदर ओढून घेतला आणि उठून उन्हात जाऊन बसली.

आजी म्हणाली, "आत्याबाई ही गोष्ट सांगताना हसायच्या. म्हनायच्या, सावली मला ऱ्हायली न्हवं?"

पण एक गोष्ट लपवत नाही. पणजीनं पाटल्या फेकल्या नाहीत. बाईच्या नावावर जमीन नाही, घर नाही. असलं नसलं ते तिच्या हातात. ते उतरवताना काय वाटलं असेल, हे आपल्या गाण्यांत येत नाही. आपल्या गाण्यांत बायका एका रात्रीत बदलतात. खऱ्या बायका दोन दिवस पदराखाली हात घेऊन फिरतात. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या बायकांकडं जाऊन त्यांच्या तोंडून ऐकलं आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक केलं. पण प्रत्येक घरात एकेक पेटी आहे. ती अजून कुणी उघडलेली नाही.

आणि हे फक्त आपल्याकडं नाही. केरळात पुलया बायकांना गळ्यात दगडी मण्यांच्या माळा घालाव्या लागत. १९१५ साली अय्यंकालींच्या चळवळीत, कोल्लमजवळ पेरिनाडला, बायकांनी त्या माळा तोडून टाकल्या. त्याच्या आधी नाडर बायका छाती झाकायच्या हक्कासाठी कित्येक वर्षं लढल्या. १८५९ साली त्रावणकोरच्या राजानं परवानगी दिली, ती कशी? झाका, पण वरच्या जातीच्या बायकांसारखं झाकू नका. म्हणजे कापड दिलं आणि खूण तशीच ठेवली. सगळीकडं हीच चाल.

आता मी गिरणीतला, म्हणून कापडाविषयी एक बोलतो. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्याला विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यातली कांडी बदलताना सूत तोंडानं ओढून काढावं लागे, ते उष्टं म्हणून बाट. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला. सूतखात्यात आम्ही चालत होतो. विणकामात पगार जास्त, तिथं आम्ही चालत नव्हतो. म्हणजे काठाचं कापड नेसायचं नाही, आणि ते विणायचंही नाही. मी रोज किती सूत उतरवतो त्याला गणती नाही. त्यातला एक धागासुद्धा मला विचारत नाही की तू कोण. विचारायला माणूस लागतो.

आता माझ्या मनातला खरा पेच सांगतो. बाबासाहेब म्हणाले, त्यांच्यासारखं नेसा. मग आज बहीण मोबाइलमधल्या बाईसारखं करते, ते वेगळं कसं? आपण उगाच त्यांची नक्कल करत सुटलोय का?

पुष्कळ दिवस रिंगफ्रेमच्या घरघरीत हाच विचार केला. मला असं दिसतं. महाडला नक्कल करायला सांगितलं नव्हतं. ओळखायची सोय मोडायला सांगितलं होतं. जी गोष्ट अंगावर नसली तर मार बसतो, किंवा असली तर मार बसतो, ती खूण. जी आज घातली, उद्या काढली, आणि कुणाच्या बापाला जाब द्यावा लागला नाही, तो शृंगार. पणजीच्या पाटल्या खूण होत्या. तिच्या काचेच्या बांगड्या शृंगार होता, जरी त्या भरताना रक्त आलं.

या मापानं आजचा बाजारही मोजा. १९७५ साली गोरं करणारी एक क्रीम या देशात आली आणि घराघरांत शिरली. तिच्या नावातच गोरेपणा होता. २०२० साली कंपनीनं नावातला गोरेपणा काढला. नाव बदललं, पण पोरगी दाखवताना 'रंग उजळ आहे' हे बोलणं बदललं का? कथलाच्या पाटल्या लांबून ओळखू याव्यात म्हणून होत्या. आता कातडीच पाटली करून टाकलीय. ती उतरवता येत नाही, म्हणून रोज नळीतून विकत घ्या. ही नवी खूण आहे, आणि ती आपण आपल्या पैशानं घेतो.

बहिणीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "मी गोरं व्हायला न्हाई लावत. घामोळ्या आल्यात म्हणून लावते. आन् मेंदीचा रंग मला आवडतो. बास." मी गप्प बसलो. घामोळ्यांविषयी मी तिला काही विचारलंच नव्हतं. सरळ निकाल दिला होता, पाटलासारखा.

आणि पोरांचंही सांगतो. २०१७ साली गुजरातेत गांधीनगरजवळच्या लिंबोदरा गावात दलित पोरांना मिशी ठेवली म्हणून मार बसला. त्यावर तिकडच्या अनेक पोरांनी मिशीला पीळ दिलेले स्वतःचे फोटो लावले. आम्ही गिरणीत ते फोटो बघून खूश झालो. मीही मिशी राखली. तेव्हा कुणी मला म्हणालं नाही की ही थेरं आहेत. मिशी म्हणजे स्वाभिमान आणि बहिणीची मेंदी म्हणजे थेरं, हा न्याय मी कुठून आणला? 'शोभतं का' हे वाक्य आधी आपल्या सगळ्यांना लावलं गेलं. मग आपण घरात येऊन ते बायकांना लावलं. पोथी रायगडच्या पायथ्याला जळली, तिचं एक पान माझ्या जिभेखाली राहिलं होतं.

म्हणून हा लेख. आईबहिणीला न विचारता लिहिलेला नाही. बहिणीनं आधी वाचला आणि दोन ठिकाणी खोडला.

पाटल्या आजीनं परत फडक्यात बांधल्या. मी म्हटलं, आजी, मोडीत घातल्या तर काय येईल? ती म्हणाली, "काय न्हाई येत. म्हणून तर ठिवल्यात."

तुमच्या घरातली पेटी उघडा. काय निघेल ते लिहून पाठवा.