कार्बनचा बाण दुखणं लपवतो
आज अमेरिकेतल्या धनुष्यबाणाच्या शिकारीची गोष्ट. १९३९च्या सुमारास डग ईस्टन यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या बाणांचे प्रयोग सुरू केले. लाकडासारखा फरक नाही, सगळे बाण एकसारखे! त्यांवर आकडा असायचा, उदाहरणार्थ २११७: बाहेरची जाडी २१/६४ इंच, नळीची भिंत ०.०१७ इंच. खोट एकच, दगडावर आपटला की वाकायचा.

१९८०च्या दशकात कार्बन आला. हलका, वेगवान, वाकवला तरी पुन्हा सरळ. हळूहळू बहुतेक शिकारी तिकडे वळले. पण मला विचाराल तर, अ‍ॅल्युमिनियम निदान दुखणं दाखवायचं. कार्बनमधली बारीक चीर दिसतच नाही, आणि सोडताना बाण फुटला तर तुकडे थेट हातात घुसतात. म्हणून प्रत्येक बाण आधी हलकेच वाकवून कानाशी धरायचा. करकर ऐकू आली, की तो बाद!