घाटवाहतूक, थळ व माळशेज घाटांतील

ठाणे जिल्ह्याच्या शहापूर व मुरबाड तालुक्यांतून सह्याद्री ओलांडून कोकणपट्टीतून दख्खनच्या पठारावर जाणारी लोहमार्गाची व रस्त्याची वाहतूक. शहापूर तालुक्यातील कसारा गावापासून नासिक जिल्ह्यातील इगतपुरीकडे चढणारा तो थळ घाट. यास कसारा घाट असेही म्हणतात. मुरबाड तालुक्यातून जुन्नर व ओतूरकडे चढणारा तो माळशेज घाट. थळ घाटातून मुंबई–आग्रा रस्ता व मुंबई–भुसावळ लोहमार्ग हे दोन्ही जातात. माळशेज घाटात फक्त रस्ता आहे. सपाटीवर पुरेसे ठरणारे एंजिन चढावर अपुरे पडते, ही या घाटांतील वाहतुकीची मूळ अडचण होय. ती दूर करण्यासाठी वेळोवेळी जी जास्तीची शक्ती जोडण्यात आली, तिचा इतिहास हाच बहुतांशी या घाटांच्या वाहतुकीचा इतिहास आहे. मात्र केवळ शक्ती वाढवून घाट सर होत नाही. चाकांची पकड आणि उतारावरील ताबा या दोन गोष्टींनी त्या शक्तीची मर्यादा ठरते, असे हा इतिहास दाखवितो.

लोहमार्गापूर्वीचा काळ : मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाजवळून नाणेघाटाची प्राचीन वाट जुन्नरकडे चढते. घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिका हिच्या काळचा प्रसिद्ध लेख आहे. वाटेवर दगडी पायऱ्या असून माल बैलांच्या पाठीवरून व माणसांच्या डोक्यावरून जाई. अशा वाटेवर चढणीचा प्रश्न ओझे लहान करून सोडविला जात असे. गाडीरस्ते झाल्यावर मात्र ओझे लहान करणे परवडेना. तेव्हा चढावर बैलांची जादा जोडी जुंपणे व माथ्यावर ती सोडून देणे हा सर्वत्र रूढ असलेला उपाय घाटांतही उपयोगी पडला. पुढे लोहमार्गावर हेच तत्त्व एंजिनांच्या रूपाने आले.

थळ घाटाचा लोहमार्ग : ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्यास गेली. मार्ग १८५४ मध्ये कल्याण, १८५५ मध्ये वासिंद, १८६० मध्ये आसनगाव व १८६१ च्या आरंभी कसारा येथपर्यंत पोहोचला. कसारा ते इगतपुरी हा जेमतेम १५ किमी. लांबीचा टप्पा खुला होण्यास मात्र १ जानेवारी १८६५ हा दिवस उजाडावा लागला. एवढ्या अंतरात मार्ग सु. २९६ मी. उंची चढतो व त्याची कमाल चढण १:३७ आहे, म्हणजे ३७ मी. अंतर कापताना १ मी. उंची गाठावी लागते. मूळ मार्गावर १३ बोगदे होते. एहेगावचा उंच पूल दरीच्या तळापासून सु. ५५ मी. उंच आहे. मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांच्या देखरेखीखाली थळ व भोर या दोन्ही घाटांची आखणी झाली. परंतु दोन्ही मार्ग पूर्ण झालेले पाहण्यापूर्वीच, १८६२ मध्ये, ते मरण पावले. पावसाळ्याचे चार महिने काम जवळजवळ थांबे व मजुरांत पटकीची साथ पसरे. या मार्गाची खरी किंमत अनेक अनामिक मजुरांनी दिली.

चढणीचे गणित : सपाट रुळांवर एक टन वजन हळू वेगाने ओढण्यास सु. २ ते ३ किग्रॅ. ओढ पुरते. १:३७ च्या चढणीवर केवळ गुरुत्वाकर्षणावर मात करण्यास दर टनामागे २७ किग्रॅ. जादा ओढ लागते. म्हणजे एकूण ओढ सपाटीच्या दहापटीवर जाते. एक हजार टनांची गाडी ताशी ३० किमी. वेगाने चढविण्यास केवळ चढणीपोटी सु. ३,००० अश्वशक्ती खर्च होते. तथापि तेवढी शक्ती एकाच एंजिनात असूनही भागत नाही. लोखंडी चाक व लोखंडी रूळ यांतील पकड कोरड्या हवेत एंजिनाच्या वजनाच्या सु. एकचतुर्थांश असते. १२५ टनांचे एंजिन त्यामुळे ३१ टनांहून अधिक ओढ देऊ शकत नाही. शक्ती कितीही वाढविली तरी चाके जागच्या जागी फिरू लागतात. पावसाळ्यात रूळ ओले होऊन ही पकड बरीच घटते, म्हणून चाकांपुढे वाळू सोडावी लागते. याचा अर्थ असा, की घाटात केवळ शक्ती नव्हे, तर शक्तीबरोबर वजन व चाकेही जोडावी लागतात.

जोड एंजिने : वरील कारणाने गाडीला जादा एंजिने लावण्याची पद्धत रूढ झाली. त्यांना ‘बँकर’ म्हणतात. कसारा स्थानकावर गाडीच्या वजनानुसार एक वा अधिक बँकर मागील बाजूस जोडतात व इगतपुरीस ते सोडतात. ते मागे लावण्यास दोन कारणे आहेत. सर्व एंजिने पुढे लावल्यास अख्ख्या गाडीचा ताण पहिल्या डब्याच्या जोडणीवर येतो व ती तुटण्याचा धोका असतो. मागून रेटल्यास हा ताण विभागला जातो. शिवाय मध्येच एखादी जोडणी तुटली, तरी सुटलेले डबे उताराने मागे घसरत नाहीत. मागचे एंजिन त्यांना थोपवून धरते. म्हणजे बँकर हे चढविणारे तसेच राखण करणारेही एंजिन आहे.

वाफेच्या काळात घाटासाठी पाणी व कोळसा स्वतःवरच वाहणारी टाकी-एंजिने वापरीत. पाण्याचे वजन चालक चाकांवर पडल्याने त्यांची पकड वाढे; परंतु पाणी संपत जाई तशी ती कमीही होई. बोगद्यांतील धूर, पावसाळी घसरण व पाणी-कोळशाचे थांबे यांमुळे वाहतुकीस मर्यादा पडत.

विद्युतीकरण : १,५०० व्होल्ट एकदिश प्रवाहावरील विद्युतीकरण १९२९ मध्ये पुण्यापर्यंत व १९३० मध्ये इगतपुरीपर्यंत पूर्ण झाले. त्यास लागणाऱ्या विजेसाठी कल्याणनजीक चोळे येथे रेल्वेने स्वतःचे औष्णिक वीजकेंद्र उभारले. मालगाड्यांसाठी आणलेली ४१ एंजिने (पुढील काळातील नाव डब्ल्यूसीजी–१) स्वित्झर्लंडमधील आल्प्समार्गांवरील एंजिनांच्या धर्तीवर बनविलेली होती. प्रत्येकाची शक्ती सु. २,६०० अश्वशक्ती होती. मधोमध खोली व दोन्ही बाजूंस वळणाबरोबर वळणारी लांब नाके अशा रचनेमुळे जगात अशा एंजिनांना ‘मगर’ म्हणत. मराठी रेल्वे-कामगारांनी यांना ‘खेकडा’ म्हटले. यांपैकी ‘सर लेस्ली विल्सन’ हे एंजिन नवी दिल्ली येथील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जतन केले आहे.

या एंजिनांचा विशेष उतारावर दिसून येई. उतरताना त्यांच्या मोटरी विद्युत् जनित्राचे काम करीत, गाडीचा वेग आवरीत आणि निर्माण झालेली वीज तारेत परत सोडीत. ती वीज त्याच वेळी चढणाऱ्या गाडीच्या उपयोगी पडे. ब्रेकच्या ठोकळ्यांची झीज व चाके तापण्याचा धोका यांमुळे कमी झाला. १९७० नंतर चित्तरंजन कारखान्यात बांधलेली डब्ल्यूसीजी–२ एंजिने बँकर म्हणून आली. २००६ मध्ये घाटातील मार्ग २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाहावर आणण्यात आला. बँकरची गरज मात्र उरली.

एंजिन व हवा : रस्त्यावरील वाहनाला मागून दुसरे वाहन जोडणे अव्यवहार्य असल्याने तेथे शक्तीची वाढ एंजिनाच्या आतच करावी लागली. अंतर्ज्वलन एंजिनाची शक्ती त्यात किती हवा भरली जाते यावर अवलंबून असते. निकास वायूंच्या जोरावर टरबाइन फिरवून त्याच दांड्यावरील संपीडकाने अधिक हवा सिलिंडरात कोंबण्याची कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूची यांनी १९०५ मध्ये एकस्वाद्वारे मांडली. या साधनास टर्बोचार्जर म्हणतात. १९१८ मध्ये अमेरिकेत सँफर्ड मॉस यांनी सु. ४,३०० मी. उंचीच्या पाइक्स शिखरावर विमानाचे एंजिन नेऊन, टर्बोचार्जरमुळे ते समुद्रसपाटीइतकीच शक्ती देते, असे दाखवून दिले.

उंच पर्वतांवर या साधनाचे महत्त्व विशेष आहे. ३,००० मी. उंचीवर हवेची घनता सु. एकचतुर्थांशाने घटते व एंजिन जवळपास त्याच प्रमाणात दुबळे होते. अमेरिका व कॅनडातील पर्वतांत बर्फावरून पट्ट्यावर धावणाऱ्या स्नोमोबिल या वाहनांना (यांचा प्रसार झोझेफ-आर्माँ बाँबार्डिए यांच्या १९५९ मधील ‘स्की-डू’ पासून झाला) टर्बोचार्जरचा संच जोडण्याची प्रथा याच कारणाने पडली. संचात टरबाइन व संपीडक यांखेरीज दाबलेली हवा थंड करणारा शीतक आणि इंधन मोजून देणारे नियंत्रक असते. हवा वाढली व त्या मानाने इंधन कमी पडले, तर दट्ट्या तापून वितळतो; म्हणून इंधनाचा दर्जा, क्लचची जुळणी व हवेचा दाब यांचा मेळ घालावा लागतो. चालकाने झडप उघडल्यावर दाब वाढण्यास काही क्षण लागतात. हे लक्षात न घेतल्यास शक्ती अनपेक्षित वेळी येते. पट्ट्याची बर्फावरील पकड संपली, की वाढीव शक्ती फक्त बर्फ उडविते. शिवाय एरवी न चढता येणाऱ्या उतारांवर वाहन पोहोचू लागल्याने हिमलोटाचा धोका वाढतो. पुढे काही उत्पादकांनी असे एंजिन कारखान्यातूनच देण्यास सुरुवात केली.

सह्याद्रीत परिस्थिती वेगळी आहे. इगतपुरी सु. ६०० मी. उंचीवर असून तेथे हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा केवळ ६ टक्क्यांच्या आसपास कमी असते. येथील अडचण विरळ हवेची नसून चढणीची व ओझ्याची आहे. म्हणून येथे टर्बोचार्जर आला तो उंचीवर मात करण्यासाठी नव्हे, तर लहान एंजिनातून अधिक शक्ती मिळविण्यासाठी व धूर कमी करण्यासाठी. जमशेटपूर येथे १९९३ मध्ये टाटा–कमिन्स ही संयुक्त कंपनी स्थापन झाली. पुढे प्रदूषणविषयक नियम कडक होत गेले, तसे टर्बोचार्जरयुक्त डीझेल एंजिन मालमोटारींत सार्वत्रिक झाले. कसारा व माळशेज घाटांत पूर्वी पहिल्या गिअरमध्ये रखडत, पाणी उकळून थांबणाऱ्या मालमोटारींचे दृश्य यामुळे विरळ झाले.

उताराचा प्रश्न : शक्तीच्या वाढीबरोबर उतारावरील धोकाही वाढला. अधिक शक्तीचे वाहन अधिक ओझे वाहते. उतरताना तेच ओझे ब्रेकवर येते. टर्बोचार्जरमुळे एंजिन आकाराने लहान राहते आणि लहान एंजिनाचा उतारावरील रोधही लहान असतो. ही उणीव भरून काढण्यास जड वाहनांत निकास मार्ग अडवून रोध निर्माण करणारे ब्रेक बसवितात. चढलेल्या गिअरमध्येच उतरावे हा जुना नियम यामुळे बाद होत नाही, उलट अधिक महत्त्वाचा ठरतो. डीझेल वाचविण्यासाठी गिअर सोडून वाहन उताराने जाऊ दिल्यास सर्व भार ब्रेकवर पडतो, ते तापतात व निकामी होतात. माळशेज घाटात पावसाळ्यातील दाट धुके व कोसळणाऱ्या दरडी यांची त्यात भर पडते.

लोहमार्गावर हाच विचार अधिक काटेकोरपणे अंमलात आला. थळ घाटात उतरणाऱ्या गाडीने ठरावीक ठिकाणी थांबून ब्रेक तपासणे बंधनकारक आहे. वाटेत चढत्या अंगाने वळविलेले आडमार्ग असून ताबा सुटलेली गाडी त्यांवर वळून थांबावी अशी योजना असते. गाडी ताब्यात असल्याची खात्री झाल्यावरच मुख्य मार्ग तिला मोकळा होतो.

अलीकडील बदल : मुंबई–हजरत निजामुद्दीन राजधानी एक्सप्रेसला २०१९ पासून पुढे व मागे एकेक एंजिन लावून दोन्ही एकाच चालककक्षातून चालविण्याची पद्धत सुरू झाली, त्यामुळे कसाऱ्यास बँकर जोडण्यात जाणारा वेळ वाचला. १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झालेली मुंबई–शिर्डी वंदे भारत एक्सप्रेस बँकरविना घाट चढते, कारण तिच्या अनेक डब्यांखाली मोटरी असल्याने शक्ती व पकड गाडीभर विभागलेली असते. मुंबईची उपनगरी सेवा मात्र कसाऱ्यापर्यंतच येते. ती इगतपुरी वा नासिकपर्यंत वाढवावी, या मागणीतही चढण व उतारावरील ब्रेक हाच मुख्य तांत्रिक मुद्दा आहे. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. त्यावरील इगतपुरीनजीकचा सु. ८ किमी. लांबीचा जोडबोगदा वाहनांना जुनी घाटवळणे टाळू देतो. चढण शक्तीने जिंकण्याऐवजी ती सौम्य करण्याचा हा मार्ग आहे. मालगाड्या व बहुसंख्य प्रवासी गाड्या मात्र १८६५ साली खुल्या झालेल्या १:३७ च्या चढणीवरच अवलंबून असून कसाऱ्यास आजही त्यांना मागून एंजिने जोडली जातात.