मंडईतला मुस्तफा

देवरीच्या मंडईत रात्री दंडार उभी राहायच्या आधी पोरांची सगळी गर्दी एका कनातीपाशी असे. आत जनरेटरवर चालणारी दोन लाकडी खोकी. खोक्यात टीव्ही, खाली दांडे आणि रंगीत बटनं. रुपया दिला की खेळ सुरू. ही १९९९ च्या, म्हणजे भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या सुमाराची गोष्ट. जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९३ मध्ये काढलेला ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा खेळ आम्हाला त्या नावाने कधी कळलाच नाही. त्यातल्या टोपीवाल्या गड्याचं नाव मुस्तफा, म्हणून खेळही ‘मुस्तफा’. ज्याचा नंबर पुढे, त्याने आपला रुपया काचेखाली ठेवून द्यायचा. मालक मधूनच ओरडे, “पोट्टेहो, बटनं तोडसान का?”

या खोक्याचा मूळपुरुष ‘पाँग’. अमेरिकेतल्या अटारी कंपनीने १९७२ मध्ये तो सनीवेलच्या एका दारूच्या गुत्त्यात ठेवला. १९७८ मध्ये जपानमध्ये ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आला आणि धंदा जगभर पसरला. धंद्याची मेख साधी होती. खेळ इतका अवघड करायचा की दोन-चार मिनिटांत गडी मरावा आणि पोराचा हात पुन्हा खिशात जावा. आमचे कितीतरी रुपये या हिशेबात गेले!

पण गुत्त्यात जन्मलेल्या खेळाला घरंदाज लोक दारात कसे उभे करणार? आपल्याकडेही व्हिडिओ गेमच्या पाटीआड जुगाराची यंत्रं चालत, पोलिसांच्या धाडी पडत. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एम. जे. सिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात अशा दुकानांवरचं परवान्याचं बंधन उचलून धरलं. या बदनामीवरचा उतारा म्हणजे मोठ्या नावाचं, वातानुकूलित, बायकामुलांसह जाता येईल असं खेळघर. अटारीच्याच नोलन बुशनेल यांनी १९७७ मध्ये सॅन होजेत ‘चक ई. चीज’ काढून वाट दाखवली होती. तिथे पिझ्झाही मिळे आणि खेळही.

पुढे सेगा कंपनीने तर लंडनच्या ट्रोकाडेरो इमारतीत १९९६ मध्ये मजल्यांवर मजले खेळांनी भरले. तीन वर्षांत तिथली ‘सेगावर्ल्ड’ची पाटी उतरली. सोनीचं ‘प्लेस्टेशन’ १९९४ मध्ये जपानात आलं होतं. तसाच खेळ घरच्या टीव्हीवर मिळू लागल्यावर माणूस मोक्याच्या जागेचं भाडं भरणाऱ्या दुकानात कशाला जाईल?

महाराष्ट्रात ही लाट उशिरा आली, मॉलबरोबर. १९७८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात सुरू झालेली ‘टाइमझोन’ आली. मग २०१२ मध्ये मुंबईच्या लोअर परळला, कमला मिलच्या आवारात, ‘स्मॅश’ उभं राहिलं. संस्थापक श्रीपाल मोरखिया. यंत्रावर क्रिकेट खेळायची सोय होती आणि सचिन तेंडुलकरचं नावही जोडलेलं होतं. नाण्याऐवजी पैसे भरलेलं कार्ड आलं. कार्डात किती उरले हे पोराला कळत नाही. रुपया कसा, मुठीत असे. मला हा बदल तेव्हाही खटकला होता.

अशा जागेचा खर्च थांबत नाही. भाडं, वीज, कामगार, शिवाय यंत्रं जुनी झाली की गिऱ्हाईक फिरकत नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि आवक शून्यावर आली. २०२२ मध्ये ‘स्मॅश’ दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलं. २०२५ मध्ये ते घेतलं ते नझारा या मुंबईच्या कंपनीने. नझारा वाढली ती मोबाइलवरच्या खेळांवर!

त्या खोक्यापासून मॉलपर्यंतची मधली पायरी देवरीने कधी चढलीच नाही. रायपूरकडे जाणारा महामार्ग, पूर्वीचा सहा आणि आताचा त्रेपन्न, गावातून जातो. पण चकचकीत खेळघर त्यावरून इथे उतरलं नाही. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला. दोन वर्षांत ‘पबजी’ आला, सप्टेंबर २०२० मध्ये त्याच्यावर बंदीही आली. तोवर पोरांना दुसरे खेळ सापडले होते.

मंडई अजून भरते, दंडारही होते. गेल्या खेपेला कनातीच्या जागी मोमोजची गाडी होती. शेजारच्या पाराला टेकून चार पोरं बसली होती, चौघांच्या हातात चार फोन. एकाचा गडी मेला तेव्हा बाकीच्या तिघांनी मान वर केली नाही. आमच्या वेळी मागची सगळी रांग हसायची, आणि काचेखालचा पुढचा रुपया कुणाचा यावरून भांडण लागायचं.