दोन मोटरींची ओढाताण

लेथवर मुरलेल्या टर्नरचे हात कधी बारकाईने पाहिलेत? माप गाठताना चुकून तो पुढे गेला, तर हॅण्डल नुसते तेवढेच मागे घेत नाही. चांगला अर्धा फेरा मागे जातो आणि पुन्हा पुढे येत माप धरतो. कारण विचारले तर म्हणतो, ‘‘प्ले काढून घेतला.’’ हा ‘प्ले’ म्हणजे स्क्रूचा आटा आणि नट यांच्यामधली ढिलाई. हॅण्डल उलटे फिरवले की आधी ही ढिलाई भरून निघते, मगच स्लाइड हलते. हात फिरतो, पण काम जागचे हलत नाही.

ही ढिलाई कारागिराची चूक नव्हे. आट्यात तेलाला जागा हवी, धातू तापून फुगला तर त्यालाही जागा हवी. बिलकुल फट न ठेवलेला नट अडकून बसतो. १८०० सालाच्या सुमारास लंडनमध्ये हेन्री मॉडस्लेने अचूक आटे पाडणारा लेथ घडवला आणि यंत्रयुगाला माप मिळाले. आपल्याकडे १९४१ मध्ये हरिहरला ‘म्हैसूर किर्लोस्कर’ उभी राहिली आणि किर्लोस्करांचे लेथ गावोगावच्या शेडमध्ये पोहोचले. यंत्रे सुधारत गेली, फट कमी होत गेली, पण संपली मात्र नाही.

माझी शेड मुळशी तालुक्यात, पिरंगुटच्या पुढे. आमच्या मुळशीचे पाणी १९२७ पासून घाट उतरून भिऱ्याला जाते आणि वीज होऊन मुंबईला पोहोचते. त्या धरणापायी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या नातवंडा-पतवंडांपैकी काही जण आज याच पट्ट्यातल्या कारखान्यांत मोटरी चालवतात. विजेची मोटर आमच्याकडे अशी उशिरा आली, पण आली ती घरची होऊन राहिली.

वीस-बावीस वर्षांपूर्वी मी जाड पत्र्यांना भोके पाडणारे चार मीटर लांबीचे टेबल बनवायला घेतले. मोटर फिरणार गोल, ड्रिलचे डोके जाणार सरळ. एवढा लांब स्क्रू मधे झोल खातो, म्हणून दातेरी पट्टी, म्हणजे रॅक, बसवली आणि तिच्यावर मोटरीचे पिनियन चालवले. डोके डावीकडून आले की भोक एका जागी पडे, उजवीकडून आले की जवळजवळ अर्धा मिलिमीटर सरकून पडे. दोन पत्रे एकमेकांवर ठेवले की बोल्ट जाईना. गिऱ्हाइकाने सगळा माल परत पाठवला. बँकेचा हप्ता डोक्यावर होता. मी ठरवले, आणखी मोठी मोटर लावायची.

आमच्याकडे एक म्हातारे मिस्त्री होते, सगळे त्यांना मामा म्हणत. ते म्हणाले, ‘‘अरे, मोठी मोटर लावून दात्यातली फट बुजणार आहे का? मारका बैल गावातून कसा नेतात? एकजण पुढून दोर धरतो, दुसरा मागून. दोघंही ताणून धरतात, म्हणून बैलाला ना पुढं उसळी घेता येत, ना मागं.’’

मामांचे म्हणणे मला पटले, पण यंत्रात ते कसे उतरवायचे हे कळले नाही. त्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातल्या खोडदला सापडले.

नारायणगावजवळच्या खोडद परिसरात ‘जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप’, म्हणजे जीएमआरटी उभी आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे प्रा. गोविंद स्वरूप यांनी १९८४ मध्ये तिची कल्पना मांडली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांतल्या १४ मध्यभागी दाटीने आणि बाकीच्या १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या तीन फाट्यांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत. एवढ्या मोठ्या तबकड्या भरीव पत्र्याच्या केल्या असत्या तर खर्च आणि वारा दोन्ही आवाक्याबाहेर गेले असते. म्हणून दोरांसारख्या ताणलेल्या तारांवर स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी बसवली. वारा जाळीतून बराचसा आरपार जातो.

तरीही हलणारा भाग ८२ टनांचा आणि त्याला तोलणारे वजन ३४ टनांचे. हा डोलारा फिरवायला सुरुवातीला बसवलेल्या मोटरी होत्या फक्त सहा-सहा अश्वशक्तीच्या. मोटर मिनिटाला हजाराहून अधिक फेरे घेते, आणि गिअरमधून वेग उतरत उतरत तबकडी आडव्या दिशेने मिनिटाला जास्तीत जास्त ३० अंश वळते. इतक्या गिअरच्या दात्यांतली फट एकत्र झाली तर तबकडी वाऱ्यात हेलकावे खाणार. आणि नेम लागतो तो अंशाच्या साठाव्या भागाएवढा.

खरी परीक्षा पुढे आहे. आकाशातला तारा आधी वर चढतो, मध्यमंडलावर येतो आणि उतरू लागतो. त्याच्या मागे तबकडीही चढते आणि नेमकी माथ्यावर दिशा उलटवते. टर्नरचे हॅण्डल उलटे फिरते, तोच हा क्षण. इथे ‘अर्धा फेरा मागे जाऊन पुन्हा येतो’ असे म्हणायची सोय नाही, तारा थांबत नाही.

म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राच्या मदतीने तयार झालेल्या या यंत्रणेत प्रत्येक अक्षाला एक नव्हे, दोन मोटरी आहेत. त्या एकमेकींविरुद्ध थोड्याशा ताणून धरतात. एकीचे पिनियन दात्याची पुढची बाजू दाबते, दुसरीचे मागची. तबकडी पुढे न्यायची तेव्हा एकीचा जोर वाढतो, दुसरीचा कमी होतो. दिशा उलटली तरी दात्याला मोकळे व्हायला वावच नसतो. आणि वाऱ्याचा मोठा रेटा आला की त्याच दोघी भांडण सोडून एकाच बाजूने जोर लावतात. मामांचा बैल मला इथे दिसला.

शेडवर परतल्यावर मी त्याच रॅकवर दुसरे पिनियन आणि दुसरी मोटर बसवली. काम सोपे नव्हते. ताण जास्त ठेवला तर मोटरी उभ्या जागी तापत, कमी ठेवला तर फट पुन्हा डोके वर काढी. खर्च दुप्पट झाला, आणि डोके उभे असतानाही वीज जाते ती वेगळीच. पण दोन्ही बाजूंनी येऊन डायल गेज लावला तेव्हा काटा जेमतेम थरथरला. पत्रे जुळले, बोल्ट गेले.

४ ऑक्टोबर २००१ रोजी जीएमआरटी देशाला अर्पण झाली. २००४ मध्ये तिने एका तारकागुच्छात स्पंदक शोधला. २०१६ मध्ये मंगळाकडे उतरणाऱ्या युरोपच्या ‘स्किआपरेली’ यानाचा क्षीण संदेश तिने टिपला. २०२३ मध्ये गुरुत्वीय लहरींच्या मंद पार्श्वगुंजनाचा पुरावा जगापुढे आला, त्यातही तिची निरीक्षणे होती. प्रा. स्वरूप २०२० मध्ये गेले. या बातम्या आल्या की लोक आकाशाकडे पाहतात. मला मात्र तबकडीच्या पोटात बसलेल्या त्या दोन मोटरी आठवतात.

मामा आता नाहीत. शेडमध्ये नवा मुलगा आला आणि ‘‘जोर कमी पडतोय, मोठी मोटर लावू या का?’’ म्हणाला, की मी त्याला आधी हॅण्डल उलटे फिरवायला सांगतो. जोर कमी आहे की फट जास्त आहे, हे त्या अर्ध्या फेऱ्यात कळते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)