पाठीवर आणि पोटावर

पाठीवर मारावे, पण पोटावर मारू नये, असे आपल्याकडची जुनी माणसे सांगत आली. गावात भांडणे होतात, डोकी फुटतात, पिढ्यान्‌पिढ्या कोर्टकचेऱ्या चालतात. पण दुसऱ्याच्या पेटत्या चुलीत पाणी ओतणारा माणूस गावाच्या मनातून कायमचा उतरतो. विसाव्या शतकातील मोठ्या राष्ट्रांचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा हा साधा गावचा कायदा त्यांनी किती शांतपणे आणि किती हिशेबाने मोडला, हे पाहून मी थक्क झालो. रणगाडे, पाणबुड्या आणि अणुबाँब यांवर कपाटे भरतील इतकी पुस्तके आहेत. मला मात्र त्या साऱ्या युद्धात सर्वांत भयंकर वाटते ते एक वजन : सव्वाशे ग्रॅम.

जर्मन फौजांनी वेढलेल्या लेनिनग्राडमध्ये 20 नोव्हेंबर 1941 या दिवशी पावाचे रेशन अगदी तळाला आले. कारखान्यातल्या कामगाराला दिवसाला 250 ग्रॅम पाव. आणि कचेरीतला कारकून, घरातली म्हातारी, शाळकरी मूल यांना प्रत्येकी 125 ग्रॅम. हे प्रमाण 25 डिसेंबरपर्यंत चालू राहिले. सव्वाशे ग्रॅम म्हणजे जड, ओलसर पावाची एक जाड चकती. बरे, तो पाव तरी निव्वळ धान्याचा असावा? त्यात लाकडाच्या लगद्यापासून केलेला सेल्युलोज होता आणि सरकीची पेंड होती. पेंड आपल्या शेतकऱ्याच्या ओळखीची. तो ती दुभत्या म्हशीपुढे ठेवतो. लेनिनग्राडच्या बंदरात ती जहाजांच्या भट्टीत जाळण्यासाठी पडून होती. कार्डावर लिहिलेल्या इतर जिनसा पुष्कळदा मिळतच नसत. बाहेर पारा उणे 30 अंशांच्या आसपास, घरात वीज नाही, नळाला पाणी नाही, आणि हातात ती चकती.

वेढा 8 सप्टेंबर 1941 रोजी पडला. त्याच दिवशी बदायेव नावाच्या कोठारांवर बाँब पडून पीठ आणि साखर जळाली. वितळलेली साखर जमिनीत मुरली. पुढे लोक ती माती खणून नेत, पाण्यात कालवून गाळत आणि ते गोड पाणी पीत. या आगीमुळेच शहर उपाशी मेले, असा समज पुष्कळ वर्षे रूढ होता. तो खरा नव्हे. त्या कोठारात सगळे मिळून शहराला थोडेच दिवस पुरेल इतका माल होता. शहर उपाशी मेले, कारण ते उपाशी मरावे असे बर्लिनमध्ये ठरलेले होते.

हे ठरले कसे, ते समजून घेण्यासाठी पाव शतक मागे जावे लागते. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश आरमाराने जर्मनीची समुद्राकडून नाकेबंदी केली. 1916-17 च्या हिवाळ्यात बटाट्याचे पीक बुडाले आणि जर्मन कुटुंबांनी गुरांसाठी पिकवलेल्या सलगमच्या कंदांवर दिवस काढले. त्या ऋतूचे नावच 'सलगमचा हिवाळा' असे पडले. पुढे 1918 मध्ये जर्मनी हरला, तो सैन्य हरले म्हणून नव्हे तर घरची आघाडी कोसळली म्हणून, अशी हिटलर आणि त्याच्या मंडळींची पक्की समजूत होती. तेव्हा पुढच्या युद्धात जर्मन गृहिणीच्या फडताळात पाव कमी पडू द्यायचा नाही, हा त्यांनी घेतलेला धडा. मग तो पाव आणायचा कोठून? 2 मे 1941 रोजी, म्हणजे रशियावरील स्वारीच्या सात आठवडे आधी, जर्मन खात्यांच्या सचिवांची एक बैठक झाली. सारे जर्मन सैन्य रशियाच्या धान्यावर पोसले जाईल आणि त्यापायी कोट्यवधी माणसे उपाशी मरतील, अशी नोंद त्या बैठकीच्या टिपणात शांतपणे करून ठेवलेली आहे. ही योजना प्रामुख्याने हेर्बर्ट बाके या शेतीखात्याच्या अधिकाऱ्याची. कुणी गुंड नव्हे, शिपाई नव्हे. शेतकीचे शिक्षण घेतलेला, आकडेमोड जाणणारा माणूस! सप्टेंबरअखेर लेनिनग्राडबाबत हुकूम निघाला की, शहराने शरणागती देऊ केली तरी ती स्वीकारायची नाही. शरण आलेल्याला जेवू घालावे लागते ना!

लादोगा सरोवर गोठले, तेव्हा नोव्हेंबरच्या शेवटी बर्फावरून मालमोटारी धावू लागल्या आणि त्या वाटेने थोडे पीठ आत आले. तरीही 27 जानेवारी 1944 रोजी वेढा पुरता उठेपर्यंत किती माणसे गेली? न्यूरेंबर्गच्या खटल्यात सोव्हिएट सरकारने सुमारे 6 लाख 32 हजार हा आकडा दिला. पुढचे इतिहासकार तो 8 लाखांच्याही वर नेतात.

त्या शहरातील एका इमारतीची हकीकत इथे सांगितलीच पाहिजे. निकोलाय वाविलॉव्ह या वनस्पतिशास्त्रज्ञाने जगभर हिंडून धान्यांची, कडधान्यांची, कंदांची बियाणी जमवली होती. लाखाहून अधिक नमुने. वेढ्यात त्याच्या संस्थेतील माणसांनी ती पोती राखली. भुईमूग होता, तांदूळ होता, गहू होता. दार आतून लावून रात्री चार मुठी शिजवल्या असत्या तर कुणाला कळले असते? तांदळाचा संग्रह सांभाळणारा दिमित्री इव्हानॉव्ह उपासमारीने मेला, तेव्हा त्याच्याभोवती तांदळाच्या हजारो पुड्या शाबूत होत्या. त्याच्यासारखे आणखी अनेकजण गेले. आणि खुद्द वाविलॉव्ह? तो 1940 पासूनच स्टालिनच्या तुरुंगात होता. जानेवारी 1943 मध्ये सारातॉव्हच्या कैदखान्यात तोही उपासाने खंगून मेला. शत्रूने बाहेरून आणि सरकारने आतून, दोघांनी मिळून पोटावरच मारले.

आता अमेरिकेकडे वळू. तिथल्या घरच्या आघाडीवर साखर, कॉफी, मांस यांवर रेशन होते आणि अंगणाअंगणांत भाजीचे वाफे होते. पण उपास कुणाला पडला नाही. उलट मार्च 1941 च्या उधार-उसनवारीच्या कायद्याखाली अमेरिकेने पुढे रशियाला जो माल पाठवला, त्यात 40 लाख टनांहून अधिक अन्नच होते. मांसाचे डबे तर रशियन पाककृतीप्रमाणे अमेरिकेत भरले जात. रशियन सैनिकांनी त्या डब्यांना नाव ठेवले होते 'दुसरी आघाडी'. पश्चिमेकडून चाल करून दुसरी आघाडी उघडा, म्हणून स्टालिन विनवत होता, आणि मित्रराष्ट्रे ती आज उघडू, उद्या उघडू म्हणत होती. तेव्हा डबा फोडताना शिपाई म्हणत, चला, दुसरी आघाडी उघडू! ती खरोखर उघडली 6 जून 1944 रोजी. या विनोदात कृतज्ञताही आहे आणि टोचणीही. रक्त आमचे आणि डबे तुमचे, हा हिशेब पुढच्या सगळ्या वैराच्या मुळाशी आहे, असे मला वाटते. त्या डबाबंद मांसावाचून आमचे सैन्य पोसणे अशक्य होते, हे क्रुश्चॉव्हने आपल्या आठवणींत कबूल केले. पण ते पुष्कळ वर्षांनी.

जर्मनी 8 मे 1945 रोजी शरण आला. 12 मे रोजी अमेरिकेने रशियाचा पुरवठा थांबवला. बंदरात माल चढवणे बंद पडले, भर समुद्रातील जहाजे मागे वळवली गेली. हुकूम लगोलग सौम्य करण्यात आला, तरी स्टालिनने त्याबद्दल अमेरिकेच्या दूताजवळ कडवट तक्रार केलीच. पंगतीत बसलेल्या माणसाच्या पुढून ताट ओढून घ्यावे, तसे ते झाले.

यानंतरच्या दोन वर्षांत वाढप्याची पळी कुणाच्या हातात, हाच युरोपातला मुख्य प्रश्न होऊन बसला. जिंकलेल्या ब्रिटनमध्ये युद्धात कधी नव्हते ते पावाचे रेशन जुलै 1946 मध्ये सुरू झाले, ते दोन वर्षे चालले. हरलेल्या जर्मनांनाही ब्रिटिश विभागात जगवायचे होते, हे त्याचे एक कारण. रशियात 1946 साली अवर्षण पडले; पुढच्या दुष्काळात 10 लाखांहून अधिक माणसे गेली. आणि त्याच वर्षी मॉस्कोने फ्रान्सला 5 लाख टन धान्य देऊ केले होते, कारण तिथे निवडणूक होती आणि कम्युनिस्ट पक्षाचे वजन वाढवायचे होते. चेकोस्लोव्हाकियाने 1947 मध्ये मार्शल योजनेचे निमंत्रण आधी स्वीकारले आणि स्टालिनने डोळे वटारताच नाकारले. त्याला बदल्यात रशियन गहू मिळाला. पुढच्या फेब्रुवारीत तिथले लोकशाही सरकार गेले. गहू महाग पडला.

मग आले बर्लिन. 24 जून 1948 रोजी रशियाने पश्चिम बर्लिनकडे जाणारे रस्ते, रेल्वे आणि कालवे बंद केले. वीस लाखांहून अधिक वस्तीचे शहर. ज्या सरकारच्या माणसांनी लेनिनग्राडचा वेढा सोसला, त्याच सरकारने साडेचार वर्षांच्या आत दुसऱ्या शहराला वेढा घालावा, हे मला फार विचारात पाडते. अर्थात दोन्ही वेढे एका मापाने मोजणे अन्याय होईल. बर्लिनमध्ये माणसे मारण्याचा बेत नव्हता. पूर्व विभागात नाव नोंदवा आणि आमच्याकडून शिधा घ्या, असे रशियनांचे सांगणे होते. बर्लिनकर फेऱ्या मारून आसपासच्या खेड्यांतून आणि पूर्व भागातून बटाटे, लाकडे आणतही असत. नोंदणी मात्र फार थोड्यांनी केली. कार्ड ज्याचे, त्याचे आपण होतो, हे त्यांना कळत होते.

अमेरिकन आणि ब्रिटिश विमानांनी पुरवठा सुरू केला 26 जूनला. यातली व्यवस्था पाहण्यासारखी आहे. पाव न्यायचा नाही, पीठ न्यायचे. कारण भाजलेल्या पावात तिसरा हिस्सा पाणीच असते आणि पाणी उडवून नेण्याला पेट्रोल कोण देणार? बटाटे वाळवून, चुरा करून न्यायचे. मिठाने विमानाचा पत्रा गंजतो, म्हणून मीठ न्यायचे ते हाफेल नदीच्या पात्रात उतरणाऱ्या समुद्री विमानांनी. आणि सगळ्यांत जास्त वजन अन्नाचे नव्हतेच, ते होते कोळशाचे. एकूण मालाचा जवळजवळ दोन तृतीयांश. 16 एप्रिल 1949 या एका दिवसात जवळजवळ 13 हजार टन माल उतरला. एकंदर फेऱ्या 2 लाख 77 हजारांवर, माल सुमारे 23 लाख टन. अपघातांत शंभराच्या आसपास माणसे दगावली. चार वर्षांपूर्वी याच आकाशातून हीच राष्ट्रे बाँब टाकीत होती. आता गेल हॅल्व्हर्सन नावाचा वैमानिक हातरुमालांच्या छत्र्यांना चॉकलेटे बांधून पोरांसाठी खाली सोडू लागला, आणि बर्लिनकरांनी त्या विमानांना नाव दिले 'मनुकांचे बाँबर'. हे औदार्य खोटे नव्हते. पण त्याच काळात पश्चिमेकडच्या राष्ट्रांनी पूर्व जर्मनीला जाणारा कोळसा आणि पोलाद रोखले होते, हेही त्याच पानावर लिहायला हवे. रशियाने नाकेबंदी उठवली ती 12 मे रोजी, 1949 साली. तारीख पुन्हा तीच.

या विमान वाहतुकीची घडी ज्याने बसवली, तो जनरल विल्यम टनर हे काम शिकला होता आपल्या आसामात. जपानने ब्रह्मदेश घेतल्यावर आसामच्या विमानतळांवरून हिमालयाचे पूर्व टोक ओलांडून चीनला सामान पोहोचवले जाई. त्या वाहतुकीचा तो 1944 पासून प्रमुख होता. त्या वाटेने युद्धसामग्री उडत असताना, 1943 साली, शेजारच्या बंगालमध्ये सुमारे 30 लाख माणसे भुकेने आणि मागून आलेल्या रोगराईने मेली. कलकत्त्यातील युद्धोपयोगी कारखान्यांच्या कामगारांना सरकारने आधी धान्य पुरवले. खेड्यातला कोळी, नावाडी, शेतमजूर यादीतच नव्हता. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून त्याच्या होड्याही काढून घेतलेल्या होत्या. लेनिनग्राडमध्ये निदान म्हातारीच्या नावाचे एक कार्ड तरी होते.

आणि स्वातंत्र्यानंतर? 1951 साली भारताने अमेरिकेकडे 20 लाख टन गहू मागितला. कोरियाच्या युद्धात भारत आपल्या बाजूने बोलत नाही, म्हणून वॉशिंग्टनमध्ये महिनोन्‌महिने खल चालला. मधल्या काळात रशियाने आणि चीनने धान्य देऊ केले, तेव्हा कर्जाचा कायदा जूनमध्ये एकदाचा मंजूर झाला. 1966 च्या दुष्काळी दिवसांत तर अध्यक्ष जॉन्सन भारताला जाणारे गव्हाचे जहाज न्‌ जहाज स्वतःच्या हाताने सोडीत वा अडवीत. व्हिएतनामबद्दल दिल्लीतून निघणारे शब्द त्यांना खुपत होते. आपल्या महाराष्ट्रात 1972 च्या दुष्काळात रेशनवर आलेला लाल मिलो अजून म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात आहे. माझी आजी म्हणे, त्याची भाकरी थापताना हातातच फाटायची. तो कुठून आला आणि कोणत्या बोलण्यातून आला, हे तिला कुणी सांगितले नव्हते. आणि भुकेल्या घरात असे कुणी विचारीत नाही.

बर्लिनची गोष्ट मात्र 1949 मध्ये संपली नाही. पुन्हा वेढा पडलाच तर असावा म्हणून पश्चिम बर्लिनने सहा महिने पुरेल इतका साठा करून ठेवला : धान्य, डाळी, डबे, कोळसा, औषधे. जुना माल विकायचा, नवा भरायचा, असे ते काम चाळीस वर्षे मुकाट्याने चालू होते. 1990 मध्ये दोन्ही जर्मनी एक झाल्या आणि कोठारांची गरज संपली. त्या सुमारास रशियातील दुकानांच्या फळ्या रिकाम्या पडल्या होत्या. लेनिनग्राडमध्ये त्या डिसेंबरात पुन्हा अन्नाची कुपने निघाली. बर्लिनने आपली कोठारे उघडली आणि रशियाच्या भीतीने साठवलेला तो माल मदत म्हणून सोव्हिएट संघराज्याकडे रवाना केला.