समन्स कोणाचे, शिक्षा कोणाची?

कामगार-कायद्यांचा इतिहास बहुधा संपांच्या आणि मोर्च्यांच्या वर्णनांतून सांगितला जातो. पण मालकाच्या दप्तरातले पगारपत्रक बाहेर काढण्याचा अधिकार कोणाचा, या रुक्ष वाटणाऱ्या प्रश्नातही एक नैतिक पेच दडलेला आहे. तो समजून घ्यायचा तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील एका भिन्नमताकडे वळावे, असे आम्हांला वाटते.

1935 च्या वॅग्नर कायद्याने स्थापन झालेल्या श्रमसंबंध मंडळाला साक्षीदार बोलावण्याचा आणि कागदपत्रे मागवण्याचा अधिकार मिळाला. समन्स धुडकावणाऱ्यास शिक्षा करण्याचा मात्र नाही. त्यासाठी मंडळाने जिल्हा न्यायालयाकडे अर्ज करायचा, न्यायालयाने हुकूम द्यायचा, आणि तो मोडला तर न्यायालयाचा अवमान ठरायचा. या विभागणीचे मूळ 1894 च्या ब्रिमसन खटल्यात सापडते. आंतरराज्य व्यापार आयोगाला न्यायालयाचे साहाय्य घेता येईल, परंतु दंड वा तुरुंगवास देण्याची सत्ता त्याच्या हाती सोपवता येणार नाही, असे तिथे ठरले.

मग न्यायालयाने तपासायचे तरी किती? एंडिकॉट जॉन्सन ही पादत्राणे बनवणारी कंपनी सरकारी कंत्राटे घेत असे. आपल्या काही कारखान्यांना कायदा लागूच होत नाही, असे सांगून तिने मजूरमंत्री फ्रान्सिस पर्किन्स यांचे समन्स नाकारले. कायदा लागू आहे की नाही हे आधी मंत्र्यांनीच ठरवायचे, असा निर्णय 1943 मध्ये न्यायमूर्ती जॅक्सन यांनी दिला. 1946 च्या ओक्लाहोमा प्रेस खटल्यात वृत्तपत्र-मालकांचा आक्षेपही टिकला नाही. चौकशी कायद्याच्या कक्षेत असावी, मागणी नेमकी असावी आणि कागद प्रस्तुत असावेत, एवढे पुरे मानले गेले.

दोन्ही वेळा भिन्नमत नोंदवले ते फ्रँक मर्फी यांनी. हेच मर्फी 1937 मध्ये मिशिगनचे गव्हर्नर होते. फ्लिंटच्या कारखान्यात ठाण मांडून बसलेल्या संपकऱ्यांना सैन्याच्या बळावर हुसकावण्यास त्यांनी नकार दिला होता. कामगारांचा असा मित्र कामगारांच्याच बाजूच्या अधिकाऱ्याला का अडवतो? कारण न्यायाधीशाच्या अनुमतीवाचून कोणाचेही कागद मागण्याची मुभा म्हणजे दुरुपयोगाला निमंत्रण, असे त्यांना वाटत होते.

बहुमताची बाजू आम्हांला दुबळी वाटत नाही. मजुराच्या वेतनाचा पुरावा मालकाच्याच वह्यांत असतो, आणि प्राथमिक मुद्द्यांवरच वर्षे उलटली तर तो विलंब मालकाचेच शस्त्र ठरतो. तरीही मर्फींचे भिन्नमत वाचल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. आपल्या पक्षाच्या हाती सत्ता असतानाही तिच्या मर्यादेचा प्रश्न विचारणे सोपे नसते. मर्फींनी तो विचारला, आणि एकदा नव्हे, दोनदा.