सरकलेला मणका आणि मज्जारज्जूतील दार

सांधे ओढून, दाबून, बसवून दुखणे कमी करणारे हाडवैद्य अनेक समाजांत पूर्वापार होते. परंतु या हस्तकौशल्याची सांगड मज्जासंस्थेशी, म्हणजे मेंदू, मज्जारज्जू आणि त्यांतून निघणाऱ्या तंतूंच्या जाळ्याशी, घालून त्यावर स्वतंत्र पंथ उभारण्याचे काम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत झाले. १८७४ मध्ये ऑस्टिओपथी मांडणाऱ्या अँड्र्यू टेलर स्टिल यांचा भर मुख्यतः रक्ताभिसरणावर होता. मज्जातंतूंना केंद्रस्थान दिले ते डॅनियल डेव्हिड पामर यांनी.

आयोवा राज्यातील डेव्हनपोर्ट येथे चुंबकीय उपचार करणाऱ्या पामर यांच्या इमारतीत हार्वे लिलार्ड नावाचा बहिरा झाडूवाला काम करीत असे. वाकून काम करताना पाठीत काहीतरी निसटले आणि तेव्हापासून ऐकू येईनासे झाले, असे तो सांगे. सप्टेंबर १८९५ मध्ये पामर यांनी त्याचा मणका झटक्याने दाबला, त्याला ऐकू येऊ लागल्याचा दावा केला आणि सरकलेला मणका मज्जातंतूला बाधा आणतो म्हणून रोग होतो, अशी कायरोप्रॅक्टिकची उपपत्ती रचली. श्रवणाचा तंतू कवटीच्या आतूनच मेंदूकडे जातो, पाठीच्या मणक्यांतून नव्हे, हे शरीररचनेच्या प्राथमिक विद्यार्थ्यासही ठाऊक असते. तरीही रुग्ण येत राहिले, कारण पाठदुखीत अनेकांना आराम पडत होता.

त्या आरामाची अधिक पटणारी मीमांसा १९६५ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांच्या ‘द्वारनियंत्रण’ सिद्धान्ताने दिली: स्पर्शाची वार्ता जाड, वेगवान तंतूंतून येते, वेदनेची बरीचशी बारीक, मंद तंतूंतून, मज्जारज्जूच्या मागील भागात दोहोंची गाठ पडते आणि स्पर्शाचा ओघ वाढला की वेदनेची वाट अडते, म्हणूनच ठेच लागल्यावर माणूस तो भाग चोळतो. सिद्धान्ताचा तपशील पुढे बराच दुरुस्त झाला, गाभा टिकला. नंतर स्वीडनमधील संशोधकांनी माणसाच्या केसाळ त्वचेत हळुवार कुरवाळण्याला प्रतिसाद देणारे वेगळे बारीक तंतूही नोंदवले. सेकंदाला सुमारे १ ते १० सेंटिमीटर गतीने फिरणारा हात त्यांना सर्वाधिक उद्दीपित करतो.

मणक्याच्या ‘कट्’ आवाजाला हाड जागेवर आल्याची खूण मानण्याची समजूत मात्र अजून प्रचलित आहे. २०१५ मध्ये बोटांचे सांधे ओढत असताना घेतलेल्या एमआरआय चित्रणात तो आवाज सांध्यातील द्रवात वायूची पोकळी तयार होण्याच्या क्षणी आल्याचे दिसले. तेव्हा त्या समजुतीला आता आधार उरलेला नाही.